नवे मशीन परवडते का? एका वर्कशॉपचा हिशोब



गेल्या महिन्यात नववी-दहावीच्या मुलांना घेऊन आम्ही तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे उद्यमबागेत गेलो होतो. एका वर्कशॉपमध्ये काचेच्या दारामागे सीएनसी मशीन चालू होते. आत पांढरट कूलंट उडत होते, आणि दर चार मिनिटांनी दार उघडले की तयार बुश हातात येत होता. शेजारीच एक टर्नर तोच बुश साध्या लेथवर करीत होता. त्याला बारा मिनिटे लागत होती. दहावीतल्या एका मुलीने मालकांना सरळ विचारले, "काका, हे तिप्पट वेगाने करते, मग तिन्ही लेथ काढून असली तीन मशिने का घेत नाही?" मालक हसून म्हणाले, "बाळ, ते आमच्या घरी येऊन काकूंना विचार."

सगळे हसले, पण उत्तर थट्टेचे नव्हते. मशीनच्या कर्जासाठी घराची कागदपत्रे बँकेत ठेवली असतील, तर त्यावर काकूंचीही सही असते. आपल्या शाळेतल्या कितीतरी घरांत अशी सही झालेली आहे. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर नीट लिहावे असे वाटले. त्यासाठी भागाकार, टक्केवारी, एक साधे समीकरण आणि चक्रवाढ व्याज एवढेच लागते. कागद-पेन्सिल घेऊन बसा. पुढचे आकडे शिकण्यासाठी धरलेले गोल आकडे आहेत. प्रत्येक वर्कशॉपचे आकडे वेगळे असतात, रीत मात्र हीच.

आधी मशीनविषयी थोडे. साध्या लेथवर टूल किती आत घ्यायचे हे टर्नरचा हात ठरवतो. सीएनसीवर ते आकड्यांत लिहिलेला प्रोग्रॅम ठरवतो आणि मोटारी तो पाळतात. ही कल्पना अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील जॉन पार्सन्स यांची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वाकडे आकार अचूक कसे करावेत या अडचणीतून ती निघाली, आणि १९५२ मध्ये एमआयटी या संस्थेने आकड्यांवर चालणारे मिलिंग मशीन चालवून दाखवले. गंमत अशी की मशीन चालले तरी कारखानदार ते विकत घेईनात. शेवटी अमेरिकी सैन्याने आपल्या पैशाने अशी मशिने घेऊन कारखान्यांना वापरायला दिली. 'चालते' आणि 'परवडते' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तेव्हापासूनचे आहे.

आपल्या गावालाही हे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे इथेच लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली. तेव्हा गिऱ्हाइक मिळेना, कारण लोखंडाच्या फाळाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, तो इतिहास तुम्ही वाचलेला आहे. त्या काळी लोक भीतीने नवे घेत नव्हते. आज उलट झाले आहे. शेजाऱ्याने घेतले म्हणून घेणारे जास्त दिसतात.

आता आपले वर्कशॉप मांडू. तीन लेथ, तीन टर्नर. काम एकच धरू, हायड्रॉलिक सिलिंडरला लागणारा पोलादी बुश. माल गिऱ्हाइकाचा, आपण फक्त जॉबवर्क करतो आणि नगाला ३० रुपये मिळतात. लेथवर तासाला ५ नग निघतात. टर्नरचा पगार १६,००० रुपये. महिन्याला २०० तासांची हजेरी असली तरी प्रत्यक्ष कापणीचे १५० तासच भरतात. म्हणजे मजुरी तासाला सुमारे १०७ रुपये, त्यात वीज आणि टूलचे २५ मिळवा. १३२ रुपये झाले. पाचाने भागा. एका नगाचा खर्च २६ रुपये ४० पैसे.

नवे सीएनसी मशीन २० लाखांचे. जीएसटी वेगळा, पण तो पुढे वजावटीत परत मिळतो, म्हणून धरू नका. मात्र कोटेशनवर जे लिहिलेले नसते ते धरा. पाया, व्होल्टेज स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर, टूल होल्डर, चकचे जॉ, मायक्रोमीटर, गेज. हे सारे मिळून आणखी ३ लाख. एकूण २३ लाख. त्यांपैकी ५ लाख घरचे, १८ लाख कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता महिन्याला सुमारे ३९,१०० रुपये बसतो.

मशीन दोन पाळ्यांत चालवायचे म्हणून दोन ऑपरेटर, प्रत्येकी २०,००० रुपये. देखभालीला ७,०००. हप्त्यासह दरमहाचा ठरलेला खर्च ८६,१०० रुपये झाला. मशीन चालो अथवा बंद राहो, हा द्यावाच लागतो. याखेरीज मशीन चालेल त्या प्रत्येक तासाला वीज, इन्सर्ट, कूलंट यांचे १०० रुपये.

दोन पाळ्यांचे ४०० तास, त्यांपैकी ३०० तास कापणी झाली असे धरा. ८६,१०० भागिले ३०० म्हणजे २८७, अधिक १००, एकूण ३८७ रुपये तास. तासाला १५ नग निघतात. ३८७ भागिले १५ करा.

२५ रुपये ८० पैसे!

पुन्हा करून पाहा, चूक नाही. लेथवर २६ रुपये ४० पैसे आणि तिप्पट वेगाच्या मशीनवर २५ रुपये ८० पैसे. नगामागे बचत फक्त साठ पैसे. वेग तिप्पट झाला, पण तासाचा खर्चही जवळजवळ तिप्पट झाला. मशीन विकायला येणारा माणूस 'सायकल टाइम' दाखवतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तो अर्धेच गणित मांडत असतो.

आता आपल्या वर्कशॉपकडे आज काम किती आहे ते पाहू. तीन लेथ, प्रत्येकी १५० तास, तासाला ५ नग, म्हणजे महिन्याला २,२५० नग. हे सगळे काम नव्या मशीनवर टाकले तर तासाला १५ या हिशोबाने १५० तासांत ते संपते. म्हणजे एकच पाळी पुरते. दुसऱ्या ऑपरेटरची गरज नाही, देखभाल ६,००० धरा. ठरलेला खर्च ६५,१०० झाला. त्याला १५० ने भागा, ४३४ आले. अधिक १००, म्हणजे ५३४ रुपये तास, नगाला ३५ रुपये ६० पैसे. मिळणार आहेत ३० रुपये. प्रत्येक नगामागे ५ रुपये ६० पैसे तोटा.

म्हणजे असे, की आज आहे तेवढेच काम असेल तर हे मशीन वर्कशॉपला खाली ओढेल, आणि काम दुप्पट झाले तर तारेल. मशीन तेच, हप्ता तोच, ऑपरेटरचे कौशल्य तेच. फरक फक्त भरलेल्या तासांचा. किती तास भरले की तोटाही नाही आणि नफाही नाही, हेही काढता येते. तासाला १५ नग गुणिले ३०, म्हणजे ४५० रुपये येतात, त्यातले १०० जातात, ३५० उरतात. दोन पाळ्यांचा ठरलेला खर्च ८६,१०० भागिले ३५० बरोबर २४६ तास. त्या मुलीने सुचवली तशी तीन मशिने घेतली तर महिन्याला साडेतेरा हजार बुश लागतील असे काम शोधावे लागेल. आज ते सव्वादोन हजार आहे.

हा हिशोब मी घरी पाहिलेला आहे. माझ्या वडिलांनी २००७ मध्ये सीएनसी मशीन घेतले. एका मोठ्या गिऱ्हाइकाने "मशीन घ्या, काम आम्ही भरून देतो" असे तोंडी सांगितले होते. वडिलांचे गणित पक्के होते, पगार, वीज, व्याज सगळे त्यांनी वहीत अचूक मांडलेले होते. तासांचा आकडा मात्र त्यांचा नव्हता, त्या गिऱ्हाइकाचा होता. २००८ च्या शेवटी मंदी आली, वाहन उद्योगाची मागणी घसरली आणि ते काम थांबले. मशीनवर प्लास्टिकचा कागद टाकून ठेवलेला असे, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. आईच्या बांगड्या त्या काळात गेल्या. २०१० मध्ये मशीन निम्म्याहून कमी किमतीला विकले. वडिलांनी त्या गिऱ्हाइकाला कधी दोष दिला नाही, पण नंतर कोणी सल्ला विचारला की ते एकच विचारीत, "ऑर्डर कागदावर आहे का?"

तास भरण्याच्या आड आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे सेटिंग. एका जॉबवरून दुसऱ्या जॉबवर जाताना जॉ बदलणे, टूल लावणे, ऑफसेट घेणे, पहिला नग तपासणे यात सीएनसीवर ९० मिनिटे जातात असे धरू. लेथवर २० मिनिटांत काम सुरू होते. नगांची संख्या क्ष माना. सीएनसीला लागणारा वेळ ९० + ४क्ष आणि लेथला २० + १२क्ष. दोन्ही सारखे केले तर ८क्ष = ७०, म्हणून क्ष = ८.७५. आठ नगांपर्यंत जुने लेथ आधी काम संपवते, नवव्या नगापासून सीएनसी पुढे जाते.

हे झाले वेळेचे. पैशांत पाहिले तर चित्र आणखी कठीण आहे. सीएनसीचा तास ४५० रुपयांचा, म्हणून एका सेटिंगची किंमत ६७५ रुपये. २५ नगांचीच ऑर्डर असेल तर नगामागे २७ रुपये नुसत्या सेटिंगचे, आणि मिळतात ३०! ऑर्डर ५०० नगांची असेल तर हाच भार १ रुपया ३५ पैसे. आपण ४०० तासांपैकी ३०० तास कापणीचे धरले. उरलेल्या १०० पैकी ४० तास वीज जाणे, तपासणी, चहा, साफसफाई यांत गेले तर सेटिंगला ६० तास राहतात. त्यात दीड तासाची ४० सेटिंगे बसतात. महिन्याचे ४,५०० नग ४० ऑर्डरींत वाटले तर सरासरी ऑर्डर ११२ नगांची हवी. ज्याच्याकडे दहा-वीस नगांचीच कामे येतात, त्याचे मशीन दिवसभर गजबजलेले दिसेल आणि महिन्याच्या शेवटी हप्ता मात्र निघणार नाही. ज्याला जॉ आणि टूल पटकन बदलण्याची शिस्त बसवता येते, तो मशीन न बदलताच तास कमावतो.

मग कोणी सीएनसी घेऊच नये काय? तसे नाही. आपण अजून अर्धाच हिशोब केला आहे.

बुशचे आतले माप २० मायक्रॉनच्या आत राखायचे आहे असे समजा. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करा. उत्तम टर्नर हे माप साध्या लेथवरही काढतो, पण सकाळी नऊला काढलेले माप दुपारी चारलाही तसेच येईल याची खात्री नसते. धरू की लेथवर शंभरात ४ नग बाद होतात आणि सीएनसीवर १. बाद नगाची मजुरी तर मिळत नाहीच, वर गिऱ्हाइक मालाच्या किमतीची डेबिट नोट पाठवतो. मालाचे १२० रुपये धरा. ४,५०० नगांवर चार टक्क्यांनी १८० नग, म्हणजे २१,६०० रुपये. एक टक्क्याने ४५ नग, म्हणजे ५,४०० रुपये. महिन्याला १६,२०० रुपयांचा फरक. नगामागे ३ रुपये ६० पैसे.

वेगाने वाचले साठ पैसे, आणि अचूकपणाने वाचले त्याच्या सहापट. पण बहुतेक वर्कशॉपांत वेग घड्याळावर दिसतो आणि बाद नग कोपऱ्यातल्या पिंपात जातात. ते मोजण्याची वही नसते. माझे मत विचाराल तर मशीनच्या कोटेशनच्या आधी ही वही घालावी. तीन महिने रोज लिहा, किती नग केले, किती बाद झाले, कोणत्या कारणाने. कारण टूलची झीज हे असेल तर मशीन मदत करील. कारण चुकीचे ड्रॉइंग किंवा ओतकामातली पोकळी हे असेल, तर वीस लाखांचे मशीन तोच बाद नग जास्त वेगाने करील.

आता पाच वर्षांचा विचार. दोन पाळ्या आणि ३०० तास भरले तर हप्ता सोडून महिन्याला ५८,००० रुपये उरतात. १,३५,००० उत्पन्न, त्यातून ३०,००० आणि ४७,००० वजा. वर्षाचे ६ लाख ९६ हजार. २३ लाखांना या आकड्याने भागले की सुमारे ३ वर्षे ४ महिने येतात. याला परतफेडीचा काळ म्हणतात. बाद नगांची बचत धरली तर तो २ वर्षे ७ महिन्यांवर येतो. वर्कशॉपमध्ये सगळे एवढाच आकडा विचारतात. तो सोपा आहे, पण त्यात एक खोट आहे. आजचा रुपया आणि चौथ्या वर्षीचा रुपया तो सारखाच मानतो.

चक्रवाढ व्याज उलटे करा. १२ टक्क्यांनी आजचे १०० रुपये वर्षानंतर ११२ होतात, म्हणून वर्षानंतर मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत १०० भागिले १.१२, म्हणजे ८९ रुपये ३० पैसे. दुसऱ्या वर्षासाठी पुन्हा १.१२ ने भागा. याप्रमाणे ६.९६ लाखांचे आजचे मूल्य पहिल्या वर्षी ६.२१, मग ५.५५, ४.९५, ४.४२ आणि पाचव्या वर्षी ३.९५ लाख. बेरीज सुमारे २५.१ लाख. आज घालायचे २३ लाख. शिल्लक दोन लाखांच्या थोडी वर. बाद नगांची बचत मी मुद्दाम धरलेली नाही, ती वरची उशी समजा.

पण पहिल्या दिवसापासून ३०० तास कुठे भरतात? ऑपरेटर शिकतो, प्रोग्रॅम चुकतात, गिऱ्हाइक पहिला नमुना तपासायलाच महिना घेतो. पहिले सहा महिने एकच पाळी चालली असे धरा. त्या काळात महिन्याला ५८,००० च्या जागी २६,५०० उरतात. पहिल्या वर्षाचे उत्पन्न ५.०७ लाखांवर येते आणि पाच वर्षांची दोन लाखांची शिल्लक जेमतेम चाळीस हजारांवर येते. शिवाय त्या सहा महिन्यांत हप्त्याला दरमहा १२,६०० कमी पडतात. म्हणजे ७५,६०० रुपये बाजूला ठेवूनच मशीन घ्यायला हवे. मशीनला किती पैसे लागतात ते सगळ्यांना पाठ असते. ते चालू होईपर्यंत थांबायला किती लागतात, हे कोटेशनमध्ये नसते.

अमेरिकेत जॉर्ज टेरबॉर्ग यांनी १९४९ मध्ये यंत्रे बदलण्याविषयी एक पुस्तक लिहिले. त्यांनी जुन्या यंत्राला बचाव करणारा आणि नव्याला आव्हान देणारा अशी नावे दिली. त्यांचा मुद्दा असा की जुने यंत्र जागच्या जागी राहत नाही. ते दरवर्षी झिजते, आणि बाहेर नवी यंत्रे सुधारत जातात, म्हणून त्याची पिछाडी दोन्ही बाजूंनी वाढत जाते. पुढे १९८६ मध्ये रॉबर्ट कप्लान यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये याच विषयावर लेख लिहिला. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे समर्थन केवळ श्रद्धेवर करायचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी दाखवलेली चूक आपल्या गणितातही आहे. नव्या मशीनची तुलना आपण 'आज जसे आहे तसेच पुढेही चालेल' याच्याशी केली. पण तसे चालेलच असे नाही. हायड्रॉलिक्सचे गिऱ्हाइक उद्या प्रत्येक नगाच्या मापाची नोंद मागू लागले, तर लेथवरचे २,२५० नग एका पत्राने बंद होतील. आपल्या भागात हे दिसते. हत्तरगीला विमानाच्या भागांचे विशेष आर्थिक क्षेत्र २००९ मध्ये सुरू झाले. तसल्या कामात साध्या लेथला दारातही घेत नाहीत. तेव्हा तुलना करताना तीन रकाने आखा: मशीन घेतले तर, नाही घेतले आणि काम टिकले तर, नाही घेतले आणि काम गेले तर. तिसरा रकाना भरायला कोणालाच आवडत नाही.

सवलतींविषयी थोडक्यात. लहान उद्योगांना तंत्रज्ञान सुधारण्यासाठी केंद्राची एक भांडवली अनुदान योजना होती, १ कोटीपर्यंतच्या गुंतवणुकीवर १५ टक्के मिळत. तिची मुदत २०२० मध्ये संपली. तिच्या भरवशावर आखलेली गणिते त्या वर्षी कोसळली. तारण न देता कर्ज मिळावे म्हणून २००० पासून पतहमी योजना आहे. एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी झाली आहे. तिला दरवर्षी हमी शुल्क पडते, ते खर्चात धरावे. घराचे कागद देण्याआधी बँकेत ही योजना जरूर विचारावी. आयकरात यंत्रांवर घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा मिळतो, त्याने नफ्यावरचा कर कमी होतो; पण नफाच नसेल तर घसाऱ्याचा तेवढा उपयोग नाही. लहान उद्योगाचे बिल गिऱ्हाइकाने ४५ दिवसांत द्यावे असा २००६ चा कायदा सांगतो, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कागदावर हे फार चांगले आहे. पण ज्या गिऱ्हाइकाकडून उद्याचे काम हवे, त्याच्याकडे व्याज मागायला जीभ रेटत नाही, हे वर्कशॉपवाल्यांना विचारा.

राहिले ते तीन टर्नर. मुलांनी भेटीच्या वेळी हा प्रश्न मोठ्याने विचारला नाही, पण बसमध्ये आपसांत बोलत होते. आपल्या उदाहरणात सीएनसीला दोन ऑपरेटर लागतात, आणि ते तिघांपैकीच दोघे असतील तर बाहेरून माणूस आणण्यापेक्षा बरे. आकडे भरायला शिकवता येतात. धातू कापताना आवाज बदलला की टूल गेले, हे कानाला शिकवायला वर्षे लागतात. तिसरा लेथवरच राहील, कारण आठ नगांची कामे यायची थांबत नाहीत आणि ती तोच स्वस्तात करतो. हे सारे काम दुप्पट झाले तर. नाही झाले तर एका पाळीचे मशीन दोन टर्नरांना घरी बसवूनही तोट्यातच राहते, हे वर पाहिलेच. त्या दिवशी लेथवर उभे असलेले काका आपल्या एका विद्यार्थ्याचे आजोबा आहेत. परत निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, माझ्या वयाला तो प्रोग्रॅम जमेल का हो?" आपले अक्षरगणित जमते का, असे मी विचारले. ते म्हणाले, "मापे तर आयुष्यभर वाचली." जुन्या शाळेतला संगणक कक्ष रविवारी रिकामा असतो, मुख्याध्यापकांशी बोललो आहे.

सोडवून पाहा:

१. गिऱ्हाइकाने दर कमी केला आणि तासाचे उत्पन्न ४५० वरून ४०० रुपये झाले. दोन पाळ्यांत किती तास भरले म्हणजे खर्च निघेल? आपण धरलेल्या ३०० तासांशी तुलना करा.

२. सेटिंगचा वेळ ९० वरून ४५ मिनिटांवर आणला. किती नगांपासून सीएनसी लेथच्या पुढे जाईल? ६० तासांत आता किती सेटिंगे बसतील आणि सरासरी ऑर्डर किती नगांची चालेल?

३. त्याच कामाचे वापरलेले मशीन ९ लाखांना मिळते. कर्ज ६ लाख, व्याज व मुदत तीच, देखभाल महिन्याला १२,०००, एक ऑपरेटर. किती तासांत खर्च निघेल? आजच्या २,२५० नगांवर ते परवडते का? आणि जुने मशीन महिन्यातून चार दिवस बंद पडले तर?

४. घरात किंवा ओळखीत वर्कशॉप असेल त्यांनी मागच्या महिन्यात बाद झालेल्या नगांची संख्या विचारून यावी. आकडा मिळाला नाही तर तेच उत्तर लिहावे.

उत्तरे पुढील अंकात.